किनाऱ्याच्या जुन्या रस्त्यावरचं चाक

दुकानाच्या वहीतली जुनी नोंद: ६ नोव्हेंबर २०१६, रविवार. सकाळी रिमझिम, अकराच्या सुमाराला उघडलं, जेवणाच्या वेळी थोडं ऊनही पडलं. दुपारनंतर नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि रात्रीपर्यंत चढतच गेला, अंधार पडल्यावर पाऊसही आला.

लॉर्कन, ते शटर अर्धं खाली ओढ. ओर्ला, तू त्या खोक्यावर बस. सायकली दोन्ही तयार आहेत, पण तुम्ही आत्ता म्हणालात की किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने घरी जाणार. तुटलेल्या जागी सायकल खांद्यावर घेऊन शेतातून गेलं तरी वीस मिनिटं वाचतात म्हणे. तर आधी हे ऐका, मग कुठून जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

एंडा कॅराबाइन तुम्हाला आठवत नसेल. घरं विकायचा. आपल्या सायकल क्लबात होता आठ-नऊ वर्षं, आणि त्या सगळ्या वर्षांत मी त्याला एकदाही ताफ्याच्या पुढे पाहिला नाही. आपल्याकडे पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाला राहतात. पुढचा दमला की कोपर हलवतो, बाजूला सरकतो, मागचा पुढे येतो. शेंबड्या पोरालाही कळतं. एंडाला कळायचं नाही. पुढच्याने कोपर हलवलं की याला नेमकी तेव्हाच तहान लागायची. नाहीतर बुटाची पट्टी सैल व्हायची. आणि फारच गळ्याशी आलं तर पुढचा जिकडे सरकेल तिकडे हाही सरकायचा, त्याच्या मागच्या चाकाला गोचिडासारखा चिकटून. आयत्या बिळावर नागोबा. बाकी सायकल मात्र सगळ्यांत महागडी. मी तिचा हँडलबार बसवून दिला तेव्हा मला म्हणतो, "फेस्टस, जपून हं, हे कार्बन आहे." बेचाळीस वर्षं मी काय चिखलाच्या सायकली दुरुस्त करत होतो?

"तुमचा त्याच्यावर इतका राग का?" ओर्ला म्हणाली.

राग नाही, पोरी. राग माणसावर येतो.

तर त्या वर्षी क्लबाला वसंतातल्या मोठ्या फेरीसाठी नवा मार्ग हवा होता. बाहेरचे लोक येतात, दोन-तीनशे. मार्ग आखणाऱ्याचं नाव फेरीला मिळतं. एंडाला ते नाव हवं होतं. त्याने सोफ्यावर बसून, फोनवर बोट फिरवून मार्ग काढला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. आपल्या किलमॅलनहून रॉसब्रीन, आणि परत येताना किनाऱ्याचा जुना रस्ता, कारण नकाशावर तो फार सुंदर दिसतो. नकाशाला काय, समुद्राने खाल्लेला रस्ताही तो पुसत नाही.

बैठकीत अट्रॅक्टा मनेली बसली होती. आपली औषधांच्या दुकानातली अट्रॅक्टा, तेव्हाही सेक्रेटरी तीच.

"एंडा, त्या रस्त्याचं पुढचं टोक वादळात गेलं. तीन वर्षं झाली."

"थोडे दगड पडलेत, बाकी ठीक आहे," हा म्हणाला. "मी स्वतः जाऊन आलोय. ऑगस्टमध्ये."

"तू?"

"हो, मी."

"वारा नव्हता का त्या दिवशी?"

सगळे हसले. एंडा कानापर्यंत लाल झाला. पण शब्द मागे घेतला नाही. घेतला असता तर पुढचं काही झालं नसतं.

आता आपला रिवाज तुम्हाला माहीत आहे. मार्ग आखणाऱ्याने नोव्हेंबरात त्यावरून एकट्याने जाऊन यायचं, आणि टोकाच्या गावचा एक पाव आणून बैठकीच्या टेबलावर ठेवायचा. पाव सगळ्यांनी वाटून खाल्ला की मार्ग पास. बैठक सोमवारी होती. म्हणून रविवारी, सहा तारखेला, एंडा पाव आणायला निघाला.

त्याचा बेत काय होता, ते त्याने मला नंतर स्वतः सांगितलं, त्या समोरच्या स्टुलावर बसून, हात गळ्यात बांधलेला. जायचं नव्या रस्त्याने, आतल्या बाजूने. पाव घ्यायचा. यायचंही नव्याच रस्त्याने. आणि सोमवारी सांगायचं की किनाऱ्याने आलो. पाव काय बोलणार? एप्रिलमध्ये तीनशे माणसं त्या तुटक्या रस्त्यावर गेली असती, हे याच्या डोक्यातही आलं नाही. तिथे पाटी लावू म्हणे नंतर.

जाताना वारा पाठीशी. महाराज खूश. रॉसब्रीनला मिसेस डीनच्या दुकानातून सोडा घातलेला तपकिरी पाव घेतला, जर्सीच्या मागच्या खिशात कोंबला, आणि शेकोटीशी बसून सूप पीत राहिला. ती म्हणाली, "अंधार पडतोय, बाळा." हा म्हणाला, "माझ्याकडे दिवा आहे." निघाला तेव्हा पाच वाजून गेले होते. काळोख झाला होता. आणि वारा समोरून.

तुम्ही तो वारा खाल्लाय. ढकलून देतो माणसाला. एंडाने आठ-नऊ वर्षांत कधी खाल्ला नव्हता. दोन मैलांत त्याच्या तोंडाला फेस आला. उतारावरही पाय मारावे लागत होते. रस्ता ओला, दिव्याच्या उजेडात नुसतं पाणी चमकतंय. रडकुंडीला आला होता, हे त्याचेच शब्द.

ओ'मॅलींच्या गोठ्यापुढे एक सायकल त्याच्या बाजूने पुढे गेली.

आवाज आला नाही म्हणाला. मागून कोणी आलं की चेन ऐकू येते, टायर ऐकू येतात, निदान "कसं काय" तरी म्हणतात. तो माणूस नुसता पुढे गेला. लोकरीची जर्सी. पाठ वाकलेली, चांगल्या सायकलवाल्याची पाठ. दिवा नाही.

शहाण्या माणसाने म्हटलं असतं, अरे बाबा, दिवा कुठाय तुझा? एंडाने काय केलं?

"चिकटला," लॉर्कन म्हणाला.

चिकटला. वीतभर अंतर ठेवून त्याच्या मागच्या चाकाला. आणि वारा थांबला.

कमी झाला नाही, लॉर्कन. थांबला. आडोशाला कितीही चांगला माणूस असला तरी कानांवर थोडा वारा लागतोच. इथे काहीच नाही. खोलीत बसल्यासारखं. एंडाला वाटलं, काय नशीब! पुढचा कोण, कुठला, काही विचारलं नाही. मान खाली, डोळे त्या टायरवर. आपण सगळे तेच करतो. चाकाला लागलो की रस्ता बघत नाही, चाक बघतो. पुढच्याचे डोळे तेच आपले डोळे.

थोड्या वेळाने पुढच्याने कोपर हलवलं. उजवं. जरासं. ये पुढे.

एंडाने पाण्याची बाटली काढली.

आणखी थोड्या वेळाने पुन्हा कोपर. एंडा बूट बघायला लागला.

तिसऱ्यांदा... तिसऱ्यांदा त्याने सरळ न बघितल्यासारखं केलं. पुढचा काही बोलला नाही. मागे वळून पाहिलं नाही. त्याच वेगाने चालत राहिला. चढावरही तोच वेग. उतारावरही तोच.

तेव्हा एंडाच्या लक्षात एक गोष्ट आली. ओल्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकाचं पाणी मागच्याच्या तोंडावर उडतं. म्हणून तर आपण हिवाळ्यात मडगार्डला लांब पट्टा लावतो. पुढच्याच्या चाकाला मडगार्ड नव्हतं. आणि एंडाचं तोंड कोरडं होतं. पूर्ण कोरडं.

"मग?" ओर्ला.

मग त्याने ओठ चाटले. खारट लागले.

घाम असेल म्हणाला. पण घाम थंड कसा?

त्याला मागे राहायचं होतं. पायांचा जोर कमी केला. अंतर वाढलं नाही. तेच, वीतभर. पाय थांबवले. तरी वीतभर. ब्रेक... तुम्ही चाकाला लागलेले असताना ब्रेक दाबता का?

"नाही," दोघंही म्हणाले.

नाही. मागचा येऊन आदळेल म्हणून. हात शिकलेले असतात. त्याच्या मागे कोणी नव्हतं, तरी बोटं ब्रेकवर जाईनात. त्याला वाटलं... त्याला वाटलं मागे कोणीतरी आहे. श्वास ऐकू येतोय. एकाचा नाही.

मागे पाहिलं का, मी विचारलं होतं. त्याने एका हाताने स्टूल मागे ओढलं आणि पाठ भिंतीला टेकवून बसला. मी पुन्हा विचारलं नाही.

मग टायरचा आवाज बदलला. डांबराचा आवाज गेला. खडी. मग मऊ काहीतरी, चिखल, शेवाळ. जुन्या हँडबॉलच्या, हाताने चेंडू मारून खेळायच्या भिंतीपाशी नवा रस्ता डावीकडे वळतो आणि जुना सरळ समुद्राकडे जातो, तिथे काउंटीच्या रस्ते-खात्याने वाट बंद करायला मोठे दगड टाकलेत, मधे माणूस जाईल एवढी फट. ती फट तो कधी ओलांडून गेला, त्याला माहीत नाही. चाक बघत होता.

समुद्र उजवीकडे होता. आता डावीकडेही आवाज यायला लागला.

मग खालूनही.

पुढच्याने कोपर हलवलं.

चौथ्यांदा.

आणि तो डावीकडे सरकला. सावकाश. रीतसर. वाट मोकळी करून. ये, तुझी पाळी.

एंडाने पहिल्यांदा मान वर केली. दिव्याचा उजेड समोर गेला... आणि कशावरच पडला नाही.

...

स्टोव्हचं दार लाव, लॉर्कन.

आता त्या घडीला, एखादा खरा सायकलवाला असता तर त्याने काय केलं असतं? हातपाय आपोआप चालतात. पुढच्याने वाट दिली की आपण उठून पेडल मारतो आणि पुढे जातो. विचार करत नाही. तू गेला असतास. ओर्ला, तू गेली असतीस. मीही गेलो असतो.

एंडा गेला नाही. एंडाने तेच केलं जे तो आठ-नऊ वर्षं आम्हा सगळ्यांशी करत आला होता. पुढचा डावीकडे सरकला, तर हाही त्याच्याबरोबर डावीकडे सरकला. पाळी चुकवायला. मरणाच्या दारातही माणसाची सवय बघा! आणि चाकाला चाक घासलं.

घासलं की पडतो कोण?

"मागचा," ओर्ला हळूच म्हणाली.

मागचा. एंडा खांद्यावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. आणि त्याच क्षणी वारा परत आला, सगळा एकदम. पावसासकट. त्याने हात पुढे केला. दोन हातांवर रस्ता संपत होता. खाली खडक. पाणी.

समोर कोणी नव्हतं. मागेही.

फोन खिशात होता, चालू होता. त्याने समोर जो पहिला नंबर दिसला तोच लावला. अट्रॅक्टाला. बैठकीसाठी तिनेच सकाळी फोन केला होता.

"कुठे आहेस तू?"

"किनाऱ्याच्या रस्त्यावर."

तिने आधी भावाला हाक मारली म्हणे. मग म्हणाली, "एंडा, हलू नकोस. अजिबात हलू नकोस."

ती आणि तिचा भाऊ टॉर्च घेऊन गेले. दगडांपासून पुढे चालत. शेवटच्या तुकड्यावर सगळीकडे ओला गाळ होता. गाळात एकाच सायकलचा माग होता, मधोमध, सरळ, शेवटी डावीकडे वळलेला. अट्रॅक्टाने दोनदा उजेड टाकून पाहिलं. मी तिला विचारलंय. तिला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हाला औषधांचं बिल देताना कळलंच असेल.

"पण तो होता कोण?" लॉर्कन म्हणाला. "रस्ता गेला त्या रात्री कोणी बुडालं होतं का?"

कोणी नाही. मी त्याच्या आधीचं पण सगळं विचारून पाहिलं. त्या रस्त्यावर सायकलवरून कोणी मेल्याचं या भागात कोणालाच माहीत नाही.

"मग तुमचं म्हणणं, जो प्रामाणिकपणे पाळी घेईल तो..." ओर्ला म्हणाली.

माझं म्हणणं काही नाही. तुम्ही दोघं चांगले आहात. गेल्या रविवारी पुलापासून गावापर्यंत वारा तुम्हीच घेतलात, कोणी न सांगता. म्हणून एवढं सांगत बसलो. एंडासारखे असता तर सायकली हातात दिल्या असत्या आणि म्हटलं असतं, जा.

एंडाचं गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि डावीकडच्या दोन फासळ्या. सोमवारच्या बैठकीला त्याने हॉस्पिटलमधून फोन करून मार्ग मागे घेतला. ऑगस्टमध्ये गेलो नव्हतो, हेही सांगितलं. वसंतातली फेरी आतल्या रस्त्याने झाली. त्यानंतर तो सायकलवर बसला नाही.

सायकल विकायला त्याने माझ्याकडे आणून ठेवली. मी ती धुतली, चाकं काढली. त्याची दोन्ही टायर नवी होती, काळ्या रबराची. पुढच्या टायरच्या डाव्या अंगाला वीतभर लांबीचा लाल रबराचा पट्टा घासून चिकटला होता, माझ्या लहानपणीच्या टायरला असायचं तसल्या रबराचा. पेट्रोलने पुसला. निघाला नाही.