थिओडोराच्या गळ्यातला हार

माणूस कितीही मोठा असला तरी तीन ओळींत बसतो, असं अनघाचं मत होतं. पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलेल्या वर्षांतून ते तयार झालं होतं. आता ती सिंगापूरला, ईस्ट कोस्टच्या एका छोट्या खासगी कलादालनात नोकरीला होती. चित्रांखालच्या पाट्या लिहिणं हे तिचं काम. या महिन्यात एक अख्खं अमेरिकन घराणं तिला तीन-तीन ओळींत बसवायचं होतं.

घराणं ऑल्डरकॉट, बॉस्टनच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचं. मूळ पुरुष कॅप्टन जोसाया. मिरीच्या व्यापारात तो सिंगापूरच्या बंदरात नांगर टाकून गेला होता, म्हणून घराण्याच्या संस्थेला इथे प्रदर्शन भरवायचं होतं. त्याचा मुलगा एडमंड, नद्यांवर पूल बांधणारा. एडमंडची मुलगी डॉक्टर लिडिया, पहिल्या महायुद्धात तंबूत शस्त्रक्रिया केलेली. लिडियाचा पुतण्या वॉरन, सिनेटर. आणि शेवटी वॉरनची नात थिओडोरा, समुद्राचा अभ्यास करणारी. ती यंदा शिडाची होडी घेऊन एकटीच पूर्वेकडच्या बेटांमध्ये गेली आणि परतली नाही. शोध थांबवला होता.

या घराण्यात एक म्हण होती: ऑल्डरकॉट उशिरा येतात, पण येतात. कॅप्टन जोसाया बुडाला असं समजून चर्चमध्ये प्रार्थना झाली, पाहुणे घरी जेवायला बसले, आणि तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन सूप उरलंय का म्हणून विचारू लागला. एडमंड बर्फाच्या वादळात गेला तो वसंतात चालत आला. लिडियाचं नाव युद्धस्मारकाच्या दगडावर कोरलं गेलं होतं. ते तिने स्वतः उभं राहून छिन्नीने काढून घेतलं. वॉरन कधी हरवला नाही, पण एकाही सभेला वेळेवर पोचला नाही.

अनघाला हे सगळं फार आवडलं. तरीही थिओडोराच्या पाटीवर तिने जन्मवर्षापुढे मृत्युवर्ष टाकलं. संस्थेच्या वकिलांनीच तसं कळवलं होतं. टाइप करताना तिला तिचे जुने वृत्तसंपादक दीनानाथ सर आठवले. "पार्थिव दिसेपर्यंत मृत छापायचं नाही," ते डेस्कवर हात आपटून म्हणायचे. "बेपत्ता म्हणजे बेपत्ता. आपण बातमीदार आहोत, यमाचे कारकून नाही."

तिने पाटी छापायला पाठवली.

खरं तर त्या दिवसांत तिच्या मनात दुसरीच तारीख होती. पुढच्या अमावस्येला नाशिकला अमेयचा पालाशविधी ठरला होता.

अमेय तिचा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर. जहाज सिंगापूरहून निघालं आणि एका सकाळी तो जहाजावर नव्हता, एवढंच कंपनीने कळवलं. त्याला आता बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्यालाच अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. गुरुजी अनघानेच ठरवले, विमानाची तिकिटंही तिनेच काढली. आई पुण्याहून आधी तिच्याकडे आली होती. इथून सगळ्यांनी मिळून जायचं होतं. आई हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती.

अनघाच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वरच्या फळीवर अमेयचा फोटो होता, नारिंगी बॉयलर सूटमधला, हसरा. त्याला चंदनाच्या चकत्यांचा हार होता. तो अनघाने फार वर्षांपूर्वी घातला होता. आल्यापासून आई त्या फोटोकडे पाठ करून जेवायला बसायची. मुलीचं घर म्हणून ती बोलली मात्र काही नाही.

प्रदर्शनाच्या आधीच्या शनिवारी आई डबा घेऊन कलादालनात आली, बरोबर अनघाची दहा वर्षांची मुलगी निहारिका. आईच्या पिशवीत लिटल इंडियातून आणलेले मोगऱ्याचे हार होते. भिंतीवर ओळीने लावलेले पाच चेहरे तिने नीट पाहिले.

"गेलेले ना हे सगळे?"

"हो," अनघा म्हणाली. "अख्खं घराणं."

"मग असे बोडके का ठेवलेत?"

"आजी, दे आर नॉट इव्हन अवर पीपल, लाह!" निहारिका सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"गेलेल्या माणसाला आपलं-परकं नसतं गं. स्टूल आण ते."

मूळ चित्रं अमेरिकेतच होती. इथे फक्त छापील प्रती होत्या, काचेखाली. कलादालनाची संचालक सेरेना टान हिने दारातून पाहिलं आणि हसली. "राहू दे," ती म्हणाली. "छान दिसतंय. उद्घाटनाआधी काढू."

कॅप्टनला हार, एडमंडला हार, लिडियाला, वॉरनला. थिओडोरापाशी आई जरा थांबली.

"ही तर तुझ्या वयाची."

"थोडी मोठी."

आईने तिलाही हार घातला.

सोमवारी सकाळी अनघाने दार उघडलं तेव्हा चार हार जागेवर होते. थिओडोराचा नव्हता. तो समोरच्या लाकडी बाकावर होता, सपाट गुंडाळून ठेवलेला.

साफसफाईवाल्यांनी काढला असेल, असं तिला वाटलं. तिने तो पुन्हा घातला आणि मागच्या खिळ्याला दोरा घट्ट बांधला.

मंगळवारी हार पुन्हा बाकावर होता. दोरा तुटला नव्हता. गाठ सोडवलेली होती. फुलं तीन दिवसांची, तरी बाकावरची ताजी वाटत होती, आणि त्यांच्याखाली लाकूड ओलं होतं.

साफसफाईवाले रविवारपासून आलेच नव्हते. अनघा सेरेनाच्या खोलीत गेली आणि दोघींनी कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. कॅमेऱ्यात बाक दिसत होता आणि दार. दार बंदच राहिलं. बाक रिकामा होता. खिडकीतून पहाटेचा करडा उजेड त्यावर सरकत होता. मग बाकावर हार होता. मध्ये काहीच घडलं नव्हतं. अनघाने ते पुन्हा मागे नेऊन पाहिलं. रिकामा बाक, मग हार.

"कॅमेरा बदलायला झालाय," सेरेना म्हणाली. त्यानंतर ती त्या खोलीत एकटी गेली नाही.

बुधवारी आई ताजी फुलं घेऊन आली. बाकावर तसाच राहू दिलेला हार पाहून ती जागीच थांबली. पिशवी खाली ठेवून बाकाजवळ गेली, पण हाराला हात लावला नाही.

"हे कुणी केलं?"

"तेच कळत नाहीये."

"अनू, नीट बघ."

अनघाने पाहिलं. हार आतून बाहेर, एकावर एक न चढवता, वेढ्याला वेढा लावून गोल गुंडाळला होता. दोऱ्याचं टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचलेलं होतं. तिने हे तीन दिवस पाहिलं होतं आणि तीन दिवस पाहायचं टाळलं होतं.

ट्रेनिंगहून पहिल्यांदा घरी आला तेव्हापासून अमेयला ही सवय लागली होती. जहाजावर दोर असेच ठेवतात म्हणायचा. घरात मग काही सुटलं नाही. कपड्यांची दोरी, चार्जरची वायर, आईच्या परकराची नाडी, एकदा तर बाबांचं जानवं. सगळं सपाट, गोल, टोक खोचलेलं. घरात त्याला अमेयची चकली म्हणत.

"जहाजावरचे सगळेच असं ठेवतात, आई. थिओडोराही समुद्रावरचीच होती."

"ते टोक बघ. सगळे उजवीकडे खोचतात, हा डावरा. हात त्याचा आहे."

"फुलांचा हार बाकावर पडला, म्हणून अमेय जिवंत आहे?"

"जिवंत म्हटलं का मी? हात त्याचा आहे म्हटलं." आईने पिशवी उचलली. "हिला परत हार घालू नकोस. आणि नाशिकला मी येणार नाही."

"आई, बारा वर्षं झाली. आणखी किती?"

"ते मला नको विचारूस. तू वाट बघायची कधी थांबलीस ते मी कधी विचारलं?"

अनघा खिडकीकडे वळली. खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या झाडांच्या मागे, नांगरलेल्या जहाजांची रांग नेहमीसारखी स्थिर उभी होती. तिने थिओडोराच्या गळ्यात काही घातलं नाही. पाटीवरचं मृत्युवर्ष मात्र तसंच राहिलं.

शुक्रवारी दुपारी सेरेना जवळजवळ धावत आली. "सापडली," ती म्हणाली. "आपली थिओडोरा. कोळ्यांना सापडली, बेटावर. बोलतेय. चल, चल!"

सेरेनाच्या खोलीतल्या पडद्यावर एक बाई दवाखान्याच्या खाटेवर बसली होती. ओठांची सालं निघालेली, केस कापलेले, पण भिंतीवरच्या त्याच रुंद भुवया. होडी खडकावर फुटली आणि ती एका ओसाड बेटावर अडकली होती.

"माझं मृत्युवर्ष छापलंत म्हणे," थिओडोरा म्हणाली. आवाज घोगरा होता. "ती पाटी फेकू नका. मला हवी आहे. आमच्याकडे लिडियाआजीची दगडाची कपची जपून ठेवलीय, तिच्या शेजारी लावीन."

सगळ्याजणी हसल्या. आई डबा घेऊन दारात आली होती. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण हसणं कळलं.

मग थिओडोरा हसायची थांबली.

"एक विचारू? माझ्या चित्राला कुणी फुलं घातली होती का?"

सेरेनाने अनघाकडे पाहिलं.

"हो," अनघा म्हणाली. "आमच्यात रीत आहे. गेलेल्या माणसाला घालतात."

"कधी?"

"शनिवारी."

थिओडोराने मान डोलावली. बाजूचा पाण्याचा ग्लास घेऊन हळूहळू प्यायली.

"माझं पाणी संपलं होतं. आडवी झाले की गळ्यावर ओझं यायचं. थंड, ओलं, फुलांच्या वासाचं. बेटावर फुलं नव्हती. श्वास कोंडायचा, पण बरंही वाटायचं. वाटायचं, असंच पडून राहावं." तिने ग्लास खाली ठेवला. "उजाडताना एक मुलगा यायचा. नारिंगी बॉयलर सूट घातलेला. तो ते माझ्या गळ्यातून काढायचा आणि दगडावर ठेवायचा. असं."

तिने चादरीवर बोट टेकवलं आणि आतून बाहेर, गोल गोल फिरवलं.

"मग मला हलवून उठवायचा. दोन दिवस उठवलं त्याने मला. तिसऱ्या दिवशी कोळी आले."

अनघाने आईला मराठीत सांगितलं. जेवढं ऐकलं तेवढंच; डेस्कवर बसून भाषांतर करायची तसं. आई रडली नाही.

"तिला विचार," आई म्हणाली, "त्याच्या गळ्यात काही होतं का?"

अनघाने विचारलं.

थिओडोराचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला.

"होतं," ती म्हणाली. "लाकडी चकत्यांचं काहीतरी. त्याला धाप लागायची त्याने. मी काढायला गेले, पण माझा हात पोचेना. त्याने मान हलवली. ते मला निघणारं नव्हतं."

बुकित बातोकपर्यंत दोघी मेट्रोत शेजारी बसून आल्या. 

फ्लॅटमध्ये दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. शेजारच्या ब्लॉकवरून कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी झटकत होतं. आई सोफ्यावर बसली. या घरात पहिल्यांदाच ती फोटोकडे तोंड करून बसली.

"तू काढ ना, आई."

"मी नाही घातला. तू घातलास, तू काढ."

अनघा खुर्चीवर चढली.

चंदनाचा हार वजनाला काहीच नसतो. हा जड होता. दोन्ही हातांनी उचलावा लागला.

मागचा दोरा ओला होता. तिची बोटं ओली झाली. तिने एक बोट जिभेला लावलं.

खारट.

ती खाली उतरली. हार टेबलावर ठेवला. मग नाशिकला फोन लावला.

"गुरुजी, अमावस्येचं रद्द करा."

"पुढची तिथी बघू का, ताई?"

"नको," अनघा म्हणाली. "आम्ही वाट बघतोय."

ती वळली तेव्हा आई फोटोसमोर उभी होती. अमेयच्या तोंडापाशी काचेवर वाफेचा एक पुंजका धरला होता. आईने पदराचं टोक घेतलं आणि तो पुसला.

पुसला जाईना. वाफ काचेच्या आतून होती.

दोघी बघत राहिल्या. पुंजका हळूहळू विरला.

मग पुन्हा धरला.