नव्वद टक्के भीती

“ऊम क्लाइव्ह, तुम्ही स्वतःला क्लर्लिंग म्हणवता का हो?”

वर्गातल्या झानेल आणि थांडीनं पैज लावली होती, विचारून दाखव! आणि शाल्मलीनं चक्क विचारलं. केपटाउनला येऊन दोन वर्षं झाली होती, आफ्रिकान्स भाषा तोंडात रुळली होती, आणि तिच्या कॉलरला ‘स्वरवेध’ होता. समोरच्याच्या आवाजातल्या कंपनांवरून शब्दाखालची भावना ओळखणारं बटणाएवढं यंत्र! विज्ञान प्रदर्शनातला तिचा प्रयोगच होता तो: एक शब्द, पन्नास माणसं. एकोणपन्नास झाली होती.

शेजारचे म्हातारे क्लाइव्ह, म्हणजे सगळ्यांचे ऊम, अर्थात काका, दर रविवारी खोबऱ्यात घोळवलेले गोड कूसिस्टर घेऊन यायचे. आत्ताही ते ताटली घेऊन दारात उभे होते. सोबत नात, टॅमलिन.

“म्हणजे काय!” ते हसले. “गोऱ्यांच्या सरकारनं मिश्र वंशाच्या आम्हा लोकांना वेगळं काढायला ओळखपत्रावर छापलेला शब्द. काही जण आजही तो तोंडात घेत नाहीत. आमच्या घरानं मात्र आपलासा केला. टॅमलिन, सांग गं हिला!”

“आम्ही क्लर्लिंग!” टॅमलिन छाती पुढे काढून म्हणाली.

“हो, क्लर्लिंग!” आजोबांनी साथ दिली.

स्वरवेध किणकिणला आणि मोठ्यानं बोलला, “पुरुष. अभिमान दहा टक्के, भीती नव्वद.”

“भारी! सगळ्यात मोठा आकडा!” शाल्मलीनं उडीच मारली.

टॅमलिननं वर पाहिलं. “आजोबा, तुम्हाला भीती वाटते?”

क्लाइव्हनी ताटली शाल्मलीच्या हातात ठेवली आणि ते पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. फाटकाशी टॅमलिन दिसली तेव्हा शाल्मलीनं हाक मारली. ती खाली बघत एवढंच म्हणाली, “आम्ही तो शब्द आता म्हणत नाही.”

शाल्मली घरात आली. आईनं घासून ठेवलेली ताटली ओट्यावर तशीच होती.

“आई, बाबा, मी प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. आकडे पुसले, सगळे.”

“अगं, निवडीत पहिल्या तिघांत होतीस ना?” बाबा उठून उभेच राहिले.

“होते. आई, शंकरपाळे काढ ना. रिकामी ताटली कशी परत करू? यंत्र घरीच ठेवतेय.” तिनं स्वरवेध कॉलरवरून काढून ठेवला. “बाबा, त्यांनी इतकी वर्षं नातीपासून लपवलेलं मी एका मिनिटात उघडं केलं. ते पुन्हा झाकता येतं का हो? माहीत नाही. पण मी चाललेय. आत्ताच.”