जिभेवरचा रुपया

१९८७ साल. गोवा राज्य झालं ते. मार्गशीर्ष महिना, भात घरात आलेलं, पहाटे दव पडायचं. मंगळवार, आठ डिसेंबर. गोकुळदास शेट माझ्या बघण्यातला माणूस, म्हणून सांगतो. मध्ये कोणी हसायचं नाही.

पेडण्याच्या बाजारात त्याचं चांदीचं दुकान. जुन्या नाण्याची पारख करावी तर त्यानेच. आधी दगडावर वाजवायचा. मग भिंग लावून राजाची दाढी बघायचा. आणि शेवटी जिभेचं टोक लावायचा. भेसळ जिभेला कळते, म्हणायचा.

दुपारी कोरगावची सरस्वती आली. पदराच्या गाठीत १८८२ सालचा पोर्तुगीज रुपया.

“शेटानु, चांदी खरी काय तां बघा. विकूचो नाय. आमचे भावोजी म्हणतत, खोटो आसा.”

गोकुळदासने भिंग लावलं. राजाच्या दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा. कडा करकरीत. पणजीचा एक गिऱ्हाईक अशा नाण्याला हजार मोजायला तयार होता. मग त्याने जीभ लावली. चांदी चोख.

“खंय ठेवललो गो एवढो जपून?”

“कापडात. घरातलां कोण जाऊक लागला की जिभेर ठेवतंव. जीव गेलो की धुवून परत कापडात. आजेसासरो, चुलतसासरो, सासू… तीनच वेळा भायर काढललो. आता मामंजी अंथरुणार आसत. खोटो ठेवलो तर मेल्यार तोंड मिटणा नाय म्हणतत.”

गोकुळदास दुकानातच थुंकला. परत परत थुंकला. पण हाव काही थुंकून टाकली नाही. वजन करतो म्हणून आत गेला आणि त्याच सालाचा दुसरा रुपया घेऊन आला. राजाचं नाक झिजलेलं, निम्मं शिसं.

“चांदीच आसा गो. घासलंय म्हणान पुसट दिसता.”

तिने हात जोडले आणि गेली. मरणाऱ्याच्या तोंडातला घास काढला त्याने. मला विचाराल तर त्याला माणूस म्हणू नये.

संध्याकाळपासून त्याच्या तोंडात चव आली. गोडसर. कुजकी. सोलकढी प्याला, फेणीने चूळ भरली. पाव चावला, तर पावालाही तीच चव. बायको विमला नाकाला पदर लावून म्हणाली, “तुमच्या तोंडाक वास मारता. थंय व्हा.”

रात्री साडेअकराला वीज गेली.

दाराबाहेर कोणीतरी श्वास घेत होतं. उघड्या तोंडाने. घर्र… घर्र…

“कोण?”

…

“कोण आसा?”

आवाज आला. शब्द नाही. जीभ जड झाल्यासारखा.

मग दाराखालून लाळ आत आली. बारीक धार. काळी. सरकत सरकत त्याच्या अंगठ्यापर्यंत आली… थांबली.

वास तोच. त्याच्या तोंडातला.

त्याने खरा रुपया मुठीत घेतला, मागच्या दाराने सायकल काढली. कोरगावपर्यंत मागून घर्र… घर्र… त्याने वळून पाहिलं नाही.

सरस्वतीच्या अंगणात माणसं बसली होती. सासरा रघुनाथ साडेअकराला गेला होता. जबडा आ वासलेला. तीनदा फडकं बांधलं, तीनदा सुटलं.

“शेटानु? तुमी? ह्या वेळार?”

गोकुळदास सरळ प्रेताजवळ गेला. मेलेल्याच्या तोंडात दोन बोटं घातली. गार. चिकट. शिशाचा रुपया काढला. खरा ठेवला.

जबडा मिटला.

बोटांवर मिटला.

त्याने हिसडून हात काढला. बोटांवर दातांचे वण. सहा. रक्ताळलेले.

सरस्वतीने कंदील जवळ आणला. वण बघितले. सासऱ्याचं तोंड बघितलं.

“मामंजींका दात खंय? धा वर्सां झाली… एक पण नाय.”

गोकुळदासने हात धोतरात गुंडाळला. रुपया पोचला होता.