थंड जागा सापडली

भर दुपारी गुणवंत भोयरच्या डेअरीत जी माणसं जमत, त्यांतल्या निम्म्यांना काही विकत घ्यायचंच नसे. ती येत, शीतपेटीसमोर उभी राहत, दह्याच्या डब्यांवरून उगाच हात फिरवत आणि "आज पनीर ताजं दिसते" असं काहीबाही बोलून घेत. "घ्या नं मंग," असं गुणवंत म्हणे, तेही रीत म्हणून. हिवरधऱ्यात वैशाखातला पारा अठ्ठेचाळिसाला टेकायला लागल्यापासून कोण कशासाठी येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुणवंत त्याला 'हजेरी' म्हणायचा. एखादा दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी विचारायचाही, "काल कुठं होते जी?"

पेटी चांगली भिंतभर लांब आणि समोरून सताड उघडी होती. वरच्या कडेतून गार हवेचा पातळ पडदा सतत खाली पडत राही. तोच काय तो तिचा दरवाजा. हात आत घातला की कोपरापर्यंत मे महिना आणि पुढे डिसेंबर.

खरी करामत मात्र खाली, पायथ्याशी होती. थंड करणारं कुठलंही यंत्र थंडी तयार करत नाही, ते आतली उष्णता उचलून बाहेर फेकतं. दुकानादुकानांनी ती वर्षानुवर्षं गल्लीत फेकली आणि गल्ल्यांच्या भट्ट्या केल्या, तेव्हा कायदा आला: बाहेरची हवा पस्तीस अंशांच्या वर असेल, तर तिच्यात आणखी गरम हवा सोडायची नाही. मग उष्माकोषाच्या पेट्या निघाल्या. कोषात खास क्षारांच्या विटा असत. दिवसभर उष्णता पिऊन त्या आतल्या आत वितळत, आणि रात्री बाहेर गारवा आला की ती सोडून देऊन पुन्हा घट्ट होत. गावात 'उष्माकोष' कोणी म्हणत नसे. सगळे त्याला पोट म्हणत. पोट भरलं की पेटी आपोआप बंद, आणि दुकानदाराचं तोंड उतरलेलं.

पेटी निवडताना कंपनीच्या मयूरी ठवरेने गुणवंतला काचेच्या दारांची पेटी घ्या म्हणून परोपरीने सांगितलं होतं. काच असली की गारवा आत राहतो, पोट हळू भरतं.

"दार पाहिलं का गिऱ्हाईक दाराशीच थांबते, मॅडम," गुणवंत म्हणाला होता. "हात घालता आला पाह्यजे."

"पण काका, समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगातली उष्णतासुद्धा ही पेटी पिणार."

"पिऊ द्या नं. तेवढंच पुण्य."

पोट रिकामं करायला तीन तोंडं होती. एक छतावर, एक मागच्या बोळात आणि एक समोर पायथ्याशी, थंडीच्या दिवसांत दुकान ऊबदार ठेवण्यासाठी. प्रत्येक तोंडाशी तापमान पारखणारा एक खिळ्याएवढा तुकडा बसवलेला. जिथली हवा पस्तिसाच्या खाली सापडेल, तिथलं तोंड पेटी स्वतःच उघडायची. माणसाने काही करायचं नाही; फक्त शेवटचा उपाय म्हणून दुकानातलं तोंड उघडायचं झालं, तर ती आधी विचारायची.

आता या उन्हाळ्यात झालं असं, की रात्रीसुद्धा हवा पस्तिसाच्या खाली उतरेना. बाजारपेठेतल्या बाकी पेट्या एकामागून एक पोट भरून बंद पडू लागल्या. गुणवंतची मात्र दिवसभर गार. मग काय विचारता! गुणवंतला शिंगंच फुटली. बंद पेटीचा दुकानदार भेटला की हा त्याला धडे द्यायचा. रोज सकाळी खालची जाळी ब्रशने झाडा. लाल रेघेच्या वर डबे रचू नका, हवेचा पडदा फाटते. दूध गरम असताना आत ढकलू नका. सगळं बरोबर होतं, आणि तो ते सगळं खरोखर करतही होता. म्हणून तर त्याला दुसरं कारण शोधावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी हजेरीत शेवंतामावशी होती. दुकानाच्या मागे, बोळाला लागून तिची एकच खोली. गोधड्या शिवून ती पोट भरायची. सोबत तिची लेक पौर्णिमा होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि पौर्णिमाच्या छातीशी महिन्याचं बाळ. बाळाच्या मानेवर, छातीवर घामोळ्यांचा लाल चट्टा उठलेला. ते रडत नव्हतं. गुणवंतच्या बायकोने चार लेकरं वाढवली होती, त्यामुळे त्यालाही एवढं कळत होतं, की या गरमीत न रडणारं बाळ हे काही चांगलं लक्षण नव्हे.

"पीत नाही जी सकाळपासून," पौर्णिमा म्हणाली. "तोंड लावते आन् सोडून देते."

"डॉक्टरकडं नेलं होतं?"

"नेलं नं काल. ते म्हणे, लेकराले थंड जागी ठेवा." शेवंतामावशीने पदराने बाळाला वारा घातला. "थंड जागा कुठून आणू, सांगा. दिवसभर भिंतीवर पाणी मारतो. पोते भिजवून खिडकीले, बोळात, सगळीकडं टांगले. पण पाणी मारलं का घडीभर बरं वाटते, मंग दुप्पट तापते. कोणी भट्टी पेटवल्यावानी. माह्या जन्मात असं पाणी पाह्यलं नाही."

गुणवंत हसला. "पाण्यानं कुठं तापते का मावशी! उन्हाळाच तसा आहे. बसा इथं, पेटीजवळ." त्याने स्टूल ओढून दिलं, ताकाचा ग्लास भरला. देता देता त्याला स्वतःविषयी फार बरं वाटलं. त्याच्या पेटीपुढे लेकरू निवत होतं, याहून अधिक दुकानदाराने काय करायचं?

तेवढ्यात मयूरी आली, डोक्याला ओला पंचा बांधून. "काका, सगळ्या तालुक्यात तुमचीच एक पेटी चालू आहे. कंपनीला कारण पाहिजे."

"निगा," गुणवंत म्हणाला. "लिहून घ्या. निगा."

मयूरीने पेटीच्या कडेची, अक्षरं उमटणारी छोटी पाटी उघडून नोंदी पाहिल्या. मग परत पाहिल्या. "रात्री एकदाही तोंड उघडलं नाही. उघडलं ते सगळं दिवसा. मागचं तोंड. भर दुपारी पुन्हा पुन्हा." ती उभी राहिली. "मागे काय आहे?"

"मांगं काय राहते? बोळ."

दोघं मागच्या दाराने बोळात गेले. बोळ अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं असा. एका बाजूला दुकानाची भिंत आणि तिच्यात पेटीचं जाळीचं तोंड. समोरच हातभर अंतरावर शेवंतामावशीची खिडकी. खिडकीपासून तोंडापर्यंत दोरी बांधून तिने ओली पोती टांगली होती. एका पोत्याचं टोक जाळीवरच लोंबत होतं, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं नेमकं त्या खिळ्याएवढ्या पारख्यावर.

मयूरीने जवळचा तापमापक लावून पाहिला. "ओल्या पोत्याने इथली हवा तेहतीसला आली आहे. पेटीला वाटतं, थंड जागा सापडली."

ती बोलत असतानाच आत कुठेतरी खट्ट झालं आणि जाळीतून धग बाहेर आली. गुणवंत मागे सरला तो मावशीच्या भिंतीवर आपटला. भिंत चटका बसण्याइतकी तापलेली होती. पोतं बघता बघता सुकलं, आणि तोंड पुन्हा मिटलं. आता मावशी येणार, पाणी मारणार, आणि तोंड परत उघडणार. ती जेवढी राबेल, तेवढी तिची खोली तापणार.

आणि मग ती तापलेली माणसं पुढच्या दाराने दुकानात येणार, पेटीसमोर उभी राहणार, आणि अंगातली उष्णता पेटीला देणार. पेटी ती पोटात साठवून याच बोळात ओतणार. गुणवंतने मनातल्या मनात तो फेरा दोनदा फिरून पाहिला. बाहेर पडायला वाट कुठेच नव्हती. तेवढंच पुण्य, असं तो म्हणाला होता. त्याला इतकी लाज वाटली की मयूरीकडे पाहवेना.

"यंत्र चुकलेलं नाही," मयूरी हळूच म्हणाली. "कायदाही मोडलेला नाही. मी असंच लिहून दिलं तर कंपनी काही म्हणणार नाही."

"हे तोंड बंद करता येते?"

"येतं. पण मग बाहेर सोडायला छतावरचं एकच उरतं, आणि तुमचं टिनाचं छत आत्ता साठाच्या वर असेल. पोट तासाभरात भरेल. मग पेटी बंद. माल जाईल."

"आन् ते तोंड बंद ठेवून माल टिकवता येत नाही?"

"येतं ना. समोरचा रात्रीचा कापडी पडदा ओढून घ्या. गारवा आतच राहील, माल वाचेल, पोटही हळूहळू भरेल. फक्त समोर उभं राहणाऱ्यांना काही मिळणार नाही." मयूरीचा फोन वाजत होता. पलीकडच्या तालुक्यात कुणाची तरी पेटी बंद पडली होती. "काका, मला निघावं लागेल. तुम्ही ठरवा आणि मला कळवा."

ती गेल्यावर गुणवंत जरा वेळ बोळातच उभा राहिला. गप्प बसणं सगळ्यांत सोपं होतं. कोणाला कळणार होतं? पोती मावशीचीच, पाणी मावशीचंच. हा विचार मनात आला याचीच त्याला भीती वाटली, आणि घाईघाईने त्याने जाळीशेजारची कळ फिरवून मागचं तोंड बंद केलं.

दुकानात परतला तेव्हा हजेरी वाढली होती, पण कोणी बोलत नव्हतं. पेटीच्या पायथ्याशी दोन रिकामे दुधाचे क्रेट जोडून त्यांच्यावर मावशीने गोधडी अंथरली होती, आणि तिच्यावर बाळ झोपलं होतं. छातीचा भाता शांत चालला होता. मानेवरचा लाल चट्टा जरा फिका पडल्यासारखा वाटला.

"प्यालं जी," पौर्णिमा कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोटभर प्यालं आन् झोपलं."

"मावशी, आज घरी जाऊ नका तुम्ही," गुणवंत म्हणाला. "इथंच राहा. तिकडं पाणीही मारू नका."

"काहून जी?"

त्याने ताकाचा रिकामा ग्लास उचलला. "तापते ते," एवढंच कसंबसं म्हणाला.

"देव भलं करो तुमचं. तुमची पेटी नसती त काय झालं असतं या लेकराचं!"

गुणवंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकायचं, आत्ताच, सगळ्यांसमोर, असं ठरवून तो मावशीकडे वळला, आणि तेवढ्यात पेटीची पाटी वाजली. त्याने वाकून वाचलं.

'पोट भरत आले आहे. छत तापलेले. मागचे तोंड बंद. थंड जागा सापडली: दुकान, पायथा. सोडू का?'

खाली दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'.

पायथ्याच्या तोंडाची जाळी बाळाच्या उशाशी होती. 'हो' म्हटलं तर बोळातली ती धग इथे येणार, गोधडीवर. 'नाही' म्हटलं तर पेटी बंद, आणि हा गारवा घडीभरात संपणार. डोक्याशी कापडी पडद्याची दोरी लोंबत होती. ती ओढली तर दही वाचणार, लेकरू बाहेर राहणार. आणि मागची कळ अजून त्याच्या बोटांना जाणवत होती. ती परत फिरवली असती, तर कोणीही त्याला बोल लावला नसता.

पाटी पुन्हा वाजली. बाळ जरासं चाळवलं, आणि शेवंतामावशीने त्याच्यावर हात ठेवला.

"काय विचारून राह्यली जी ते?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "काही मागत असन त देऊन टाका नं तिले. लेकरू आता कुठं झोपलं."

गुणवंतचं बोट पाटीपाशी थांबलं होतं. द्यायला तर हवंच होतं, साठलेलं आत राहणार नव्हतं. पण मावशीला विचारल्याशिवाय ते द्यायचं कोणाच्या अंगणात, आणि मावशीला विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?