धाकलीसाठी सोडलेली जागा

मृणालीच्या आईचा डबा रिकामा परत कसा द्यायचा, म्हणून त्यात शेवभाजी भरली आणि दुपारी चारला शेजारी गेले. खरं सांगते, डबा निमित्त होतं. आत माझं गाणं तयार होत होतं.

होय, माझं! धुळ्यातल्या आमच्या गल्लीत चाळीस घरं. एकाही घरातल्या बाईचा आवाज कॉम्प्युटरवर गेलेला नाही, माझा गेला. हळदीचं अहिराणी गाणं, चार कडवी. मृणालीनं महिनाभर खपून त्यावर ढोलकी बसवली, बासरी बसवली. तिचं हे पहिलंच गाणं, आणि पाच वाजता ते नेटवर सोडायचं होतं. खाली नाव येणार होतं: गीत आणि गायन, ज्योती पाटील.

गीत माझं नव्हतं. ते माझ्या थोरल्या जावेनं, मंजुळाबाईनं रचलेलं. प्रत्येक हळदीला ती एकेक ओळ म्हणायची, मी मागून तीच झेलायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मृणालीनं विचारलं, "काकू, कोणी रचलं?" आणि माझ्या तोंडून "मीच" निघून गेलं. मग गल्लीभर तेच सांगत सुटले.

खोलीत पंखा बंद, खिडकीला गोधडी.

"बसा काकू, आता फक्त मास्टरिंग."

"ते आणि काय?"

"शेवटचा हात. मोठा आवाज जरा दाबायचा, बारीक आवाज वर आणायचा. मग रिक्षात वाजो की डीजेवर, नीट ऐकू येतं." ती हसली. "पण प्रत्येक ओळीनंतर एवढी जागा का सोडलीत हो? कापू म्हटलं तर कापूही देत नाही तुम्ही."

"झेलणारीची जागा असते ती. सवयीनं सुटते."

तिनं माउस सरकवला. 'हायद लागनी वं नवरीना आंगले...' माझाच आवाज, पण काय भरदार! मी ताठ बसले.

मग जागा आली. तिथे बांगड्या वाजल्या.

"काकू... रेकॉर्डिंगला बांगड्या काढल्या होत्या ना तुम्ही?"

"काढल्या होत्या."

तिनं बारीक आवाज आणखी वर आणला. बंद खोलीत ओल्या हळदीचा वास पसरला. आणि पुढच्या जागेत कुणीतरी माझी ओळ झेलली. किंचित घोगरा गळा, सुरात पक्का. त्याच्या पुढच्या जागेतही... चारही कडवी. गाणं संपलं, पडद्यावरची रेघ सपाट झाली, तरी स्पीकर बोलला.

"पुढलं म्हन ना वं, धाकली..."

मृणालीचा हात माउसवरच राहिला. "धाकली कोण?"

"मी," मी म्हणाले. "एकच बाई मला तशी हाक मारायची."

तिनं कच्चं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. त्यात मी एकटी. नुसत्या रिकाम्या जागा.

"काकू, पाचला दहा मिनिटं आहेत. काढून टाकू तो आवाज?"

"नको!" मी जरा मोठ्यानंच बोलले, मंजुळाबाईलाही ऐकू जावं म्हणून. "नाव बदल. गीत मंजुळाबाईचं. गायन दोघी जावा. मी खोटं बोलले होते तुझ्याशी."

आता ते गाणं धुळ्यापासून फैजपूरपर्यंत हळदीला वाजतं. बाया अडवून विचारतात, "ती दुसरी कोण वं? काय गळा शे!" मी मान वर करून सांगते, "मन्ही जेठानी." एवढा मान तिला जिवंतपणी कुणी दिला नव्हता.

फक्त एक आहे. गाणं चार कडव्यांचं. माझ्या मोबाइलवर मात्र ते तिथे संपत नाही. मंजुळाबाई पाचवं कडवं धरते. मी कधी न ऐकलेलं. एक ओळ म्हणते आणि थांबते.

जागा सोडते.

मी अजून तोंड उघडलेलं नाही. पण रोज ती जागा जराशी लांबत चालली आहे.