निळ्या गाडीचं दार

डोळे मिटून ती गाडीचं दार लावत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "दार बिघडलंय का हो?"

"श्श!" तिने पुन्हा दार लावलं. धप्प... "जर्मन," ती समाधानाने म्हणाली आणि मग कुठे तिने डोळे उघडले.

समोर सायकल धरून एक उंच तरुण उभा होता. शाळेत गाणं शिकवायचा. तिच्या मामाच्या जुन्या गाड्या विकायच्या आवारात चाकात हवा भरायला शिरला होता. पण कान तयार असलेला माणूस, तो हवाच विसरला.

"नुसत्या आवाजावरून देश कळतो?"

"ऐका ना. जर्मन दार भारदस्त, जाडजूड पेटीचं झाकण पडल्यासारखं. जपानी अगदी हळू, टप्... पण वीस वर्षांनीही तस्सं! कोरियन आधी डब्यासारखी वाजायची, आता भल्याभल्यांना मागे टाकते. आणि इथल्या गाडीचं दार दोनदा लावावं लागतं. पण बिघडली तर कुठलाही मेकॅनिक झाडाखाली बसून दुरुस्त करतो!"

तो हसला. बाई गं... हसताना त्याच्या गालाला खळी पडत होती.

पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा आले. आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी गाडी हवी होती. मग दर रविवारी आले. टिकते कुठली, गंजते कुठली, म्हातारपणी खर्चात कोण पाडतं, विचारायला काही ना काही असायचंच. बॉनेट उघडून ती बोलायला लागली की तो इंजिनाकडे कमी आणि तिच्या ग्रीस लागलेल्या बोटांकडे जास्त बघायचा. तिला ते कळायचं, आणि आवडायचंही.

"शेवटी देश म्हणजे कुळ," ती म्हणायची. "कुळ जरूर बघावं, पण संसार त्या एका गाडीशीच करायचा असतो."

मामा खोलीतून ओरडायचा, "अहो मास्तर, मुलगी बघायलासुद्धा लोक एवढ्या फेऱ्या मारत नाहीत!"

आणि मग ती निळी गाडी आली. जपानी, जुनी, एका डॉक्टरीणबाईंनी लेकीसारखी सांभाळलेली. तिने दार लावलं. टप्... किती सुंदर! ज्याने हे बनवलं त्याचे हात धरावेत असं तिला वाटलं. मास्तर तर पाहताक्षणी खूश.

"हीच ना?"

हीच. पण ही घेतली की रविवार संपले...

"नको," ती म्हणाली. "गिअरबॉक्स... जायला आलाय."

मामाने चमकून वर पाहिलं. भाचीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गाडीबद्दल ती कधी खोटं बोललेली नव्हती. मास्तरांनी एकदा दार उघडून लावलं आणि ते म्हणाले, "तुम्ही म्हणता ना, मग नको." त्यांचा तो विश्वास तिला आठवडाभर टोचत राहिला.

पुढच्या रविवारी त्यांच्यासोबत आई आल्या. एकेक पाऊल जपून टाकत स्टुलावर टेकल्या.

"हा म्हणतो, ती मुलगी हो म्हणेल तीच गाडी. बसची पायरी चढताना जीव जातो गं... पण सावकाश बघ हो. घाई नाही."

तिला रडूच आलं.

"मास्तर, निळी गाडी चांगली आहे. गिअरबॉक्स ठणठणीत आहे. मी खोटं बोलले."

"का?"

"गाडी मिळाल्यावर तुम्ही... कशाला येणार इथे?"

बोलून गेली खरी, पण मान काही वर होईना.

"मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी दार लावलं ना मी? तूच शिकवलंयस ऐकायला. आजारी गाडी अशी वाजत नाही."

"मग घेतली का नाहीस?"

"घेतली असती तर... आलो कशाला असतो इथे?"

"वा रे वा!" आई स्टुलावरून कडाडल्या. "म्हणजे यांचं प्रेम जमेपर्यंत मी बसच्या पायऱ्या चढायच्या! आण ती किल्ली."

मामाने हसत किल्ली आणून दिली. आई निळ्या गाडीत पुढे जाऊन बसल्या, पाय सैल सोडले आणि दार ओढून घेतलं.

टप्...

सवयीने तिचे डोळे मिटले. उघडले तेव्हा तो अगदी जवळ उभा होता.

"कुठली?" त्याने विचारलं.

"आपली," ती म्हणाली.