टिटसच्या गळ्यातली दुर्बीण

पोलिसांनी टिटसचं सामान परत दिलं, तेव्हा पम्फिलने सही केली आणि पिशवी न उघडताच स्मारांडाबाईंच्या टेबलावर आणून ठेवली.

स्मारांडाबाई डॅन्यूबकाठच्या तुल्चा शहरात खाजगी तपासाची कामं घ्यायच्या. पम्फिल त्यांची गाडी चालवायचा, साक्षीदारांशी गप्पा मारायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. या वेळी त्याचा कुणावरच संशय नव्हता. मेलेला त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि त्याला अजून रडू आलं नव्हतं. तो जेवत होता, दाढी करत होता, कुणी विचारलं तर उत्तर देत होता.

टिटस पक्षी बघणाऱ्यांच्या एका मासिकासाठी दुर्बिणी पारखायचा. या खेपेला खिशात मावतील अशा छोट्या दुर्बिणी होत्या. त्या घेऊन तो दोघा सोबत्यांबरोबर मचिनच्या डोंगरातल्या झोपडीत उतरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कड्याखाली मेलेला सापडला. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं.

बाईंनी पिशवीचं सील फोडलं. आत काळी दुर्बीण होती. एक काच तडकलेली, पट्टा मातीने माखलेला.

"हिला कुणी हात लावलाय?"

"नाही. गळ्यातून काढली आणि तशीच सील केली म्हणाले."

बाईंनी ती उघडमीट करून बघायचा प्रयत्न केला. बिजागरी इतकी घट्ट होती, की दोन्ही हातांनी जोर लावूनही जेमतेम हलली. बाईंनी ती पुन्हा होती तशी केली आणि पम्फिलपुढे धरली.

"तुमचे डोळे टिटससारखेच ना?"

"आई म्हणायची, एकाच साच्यातले. चष्म्याचा नंबरही जवळपास तोच."

"मग चष्म्यासकट बघा."

पम्फिलने बघितलं. दोन वेगवेगळी भोकं दिसली, भोवती काळं. "नीट दिसत नाही. माझंच लक्ष नाही बहुतेक."

"लक्षाचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "गाडी काढा."

झोपडीत ओविदिउ एकटाच सामान आवरत होता. मासिकाचा चित्रकार. जाड भिंगांचा चष्मा दोरीने डोक्यामागे बांधलेला. पम्फिलला बघून त्याने मान खाली घातली.

"दादा, मी झोपलो होतो हो. मला काहीच कळलं नाही."

"आदल्या संध्याकाळचं सांग," बाई म्हणाल्या.

"टिटसने सगळ्या दुर्बिणी टबात बुडवल्या. पाणी शिरतं का बघायला. एका हिरव्या दुर्बिणीत शिरलं. मग ती त्याने बाहेर खिडकीत ठेवली. म्हणाला, पहाटेच्या थंडीत हिच्या आत धुकं धरणार, सकाळी हीच घेऊन कड्यावर जातो. जेवताना एकदम गप्प झाला. मग आमच्याबरोबर आलेल्या डोरिनाला म्हणाला, बचाव पथकाकडे याच हिरव्या दुर्बिणी आहेत ना? ती म्हणाली, सकाळी बोलू."

"सकाळी तू उठलास तेव्हा?"

"डोरिना कॉफी गाळत होती. मलाही दिली. हिरवी चुलीजवळ वाळत पडली होती."

वनरक्षक गाव्रिल खाली पाणवठ्याशी भेटला. चेहरा परातीएवढा रुंद, चष्मा नाही. मृतदेह त्यालाच सापडला होता.

"दुर्बीण काढून बघितलीस का रे?"

"बाई, मेलेल्याच्या गळ्यातलं काढतं का कुणी? ती त्याच्या अंगाखाली होती." मग तो अडखळला. पम्फिलकडे न बघता म्हणाला, "तो लगेच गेला नव्हता. पडला तिथून जरा सरकला होता. मुठीत गवत होतं."

पम्फिलने मान हलवली. जणू कुणी त्याला रस्ता सांगत होतं.

"वर्ष वाईटच आहे," गाव्रिल म्हणाला. "हिवाळ्यात आमचा एक मेंढपाळ गारठून मेला. बचाव पथक समोरच्याच टेकडीवर होतं. पण दुर्बिणीतून नुसतं पांढरं दिसत होतं म्हणे. आम्ही म्हटलं, हिमवादळच तसं."

डोरिनाचं दुकान ब्रायला शहरात होतं. ती या दुर्बिणी बाहेरून मागवून विकायची. लहानखुरी बाई, निमुळता चेहरा, डोळे अगदी नाकाला लागून. तिने पम्फिलचा हात हातात घेतला.

"पम्फिलभाऊ, काय बोलू मी?"

"त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"स्वयंपाकघरात. कड्याकडे गेलेच नाही. टिटस कधी निघाला तेही माहीत नाही. काळी त्याच्याकडे होती, तिला तर मी हातही लावला नव्हता."

"आणि हिरवी?"

"ती रात्रीपासून चुलीजवळच. मीच ठेवली होती."

बाईंनी काळी दुर्बीण काउंटरवर ठेवली.

"बघा बरं हिच्यातून."

डोरिनाने सवयीने ती डोळ्यांना लावली. काही फिरवलं नाही, काही सरकवलं नाही.

"शाबूत भिंगातून तर स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली, आणि थांबली.

"तुम्हाला दिसणारच. तुमच्याच डोळ्यांना लावलेली आहे ती." बाईंचा आवाज चढला नाही. "पम्फिल, तुम्हाला का दिसलं नाही सांगते. चष्मेवाला माणूस या रबरी कडा आत फिरवतो, नाहीतर डोळा भिंगापासून लांब राहतो. इथे त्या बाहेर आहेत. म्हणजे शेवटचं बघणारा बिनचष्म्याचा. टिटस नव्हे, ओविदिउही नव्हे. दुसरं, दुर्बीण अरुंद मिटलेली आहे, म्हणजे डोळे जवळजवळ असलेल्या माणसाला जुळेल अशी. बिजागरी घट्ट, पडून हलणार नाही. गाव्रिलच्या रुंद चेहऱ्याला ती जमणार नाही. राहिलं कोण?"

"पण मग ती टिटसच्या गळ्यात कशी?" पम्फिलने विचारलं.

"अदलाबदल. दुर्बिणी पारखणारे हेच करतात. टिटस हिरवी घेऊन वर गेला होता, आत धुकं धरलेली. अशा दुर्बिणीत पाणी शिरतं याचा तोच पुरावा होता. डोरिनाबाई काळी घेऊन त्याच्यामागे गेल्या. हिरवी बघू म्हणाल्या. त्याने दिली, काळी गळ्यात घातली. स्वतःच्या डोळ्यांना ती लावून घ्यायलाही त्याला वेळ मिळाला नाही. खिडकीतली हिरवी नंतर चुलीशी सापडली, ती याच खाली घेऊन आल्या म्हणून."

"मी ढकललं नाही," डोरिना हळूच म्हणाली.

"नसेल. ते न्यायालय बघेल. बचाव पथकाने तुमच्या शब्दावर त्या हिरव्या दुर्बिणी घेतल्या होत्या, आणि मेंढपाळाच्या वेळी दिसलेलं पांढरं हिमवादळ नव्हतं, दुर्बिणीतलं धुकं होतं, हे टिटसला जेवताना उमगलं होतं."

"तो म्हणाला, मी छापणार. मी त्याच्या गळ्यातला पट्टा ओढला. त्याने मागे पाऊल टाकलं." ती काउंटरच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "मग खाली गवतात हलताना दिसला. मला वाटलं, आता कुणाला बोलावलं तर सगळंच सांगावं लागेल. मी खाली आले आणि कॉफी ठेवली."

बाहेर डॅन्यूबवर होडीचा भोंगा वाजला.

"काही म्हणाला का तो?" पम्फिलने विचारलं.

डोरिनाने वर बघितलं नाही. "हाका मारत होता."

"कुणाला?"

"तुम्हाला."

पम्फिलने ते ऐकून घेतलं. आपल्याला आत्ता काहीतरी व्हायला हवं, एवढं त्याला कळत होतं. काही झालं नाही. तो स्टुलावर बसला.

स्मारांडाबाईंनी पोलिसांना लावायला फोन उचलला.

"थांबा," तो म्हणाला. "आधी बचाव पथक. तिकडे वरती आता बर्फ पडायला लागेल. त्यांच्याकडे अजून त्या हिरव्या दुर्बिणी आहेत."

बाईंनी पथकाचा नंबर लावून फोन त्याच्याकडे दिला. पलीकडून एका तरुण, घाईतल्या आवाजाने विचारलं, कोण बोलतंय. पम्फिलला आधी स्वतःचं नाव आठवेना.

"टिटसचा भाऊ," तो म्हणाला. "त्याचा एक निरोप राहिला होता, तो सांगतो. लिहून घ्या."